मुकादमाला लायसन लागतं का?

आबांचा फोन दुपारी आला. आबा आमच्या चोपडा तालुक्यात केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. माणसं कधी बारा, कधी पंधरा, बागा निघतील तशी. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर कुठून तरी मेसेज आला होता: नवे कामगार कायदे लागू, मुकादमांना लायसन सक्तीचं, नसेल तर थेट जेल. खाली तीन लाल दिवे. आबांनी एकच विचारलं, "भाऊ, माले बी लायसन लागी का?"

"नाही" म्हणून फोन ठेवता आला असता. आबांपुरतं उत्तर बरंचसं तेच आहे. पण लायसन नाही म्हणजे कायदाच नाही, असा अर्थ आबांनी काढला असता. आणि गावोगावचे मुकादम, शेतकरी, व्यापारी आजवर तोच अर्थ काढत आलेत. म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांना सगळं उलगडून सांगितलं. तेच इथे मांडतो.

मेसेजमधली पहिली ओळ मात्र खरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र बांधून केलेलं एक गाठोडं; इथे २९ जुने कायदे चार गाठोड्यांत बांधलेत. आपल्या कामाची गाठोडी दोन. एक २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, जिला मी पुढे नुसती सुरक्षा संहिता म्हणेन. दुसरी २०१९ ची वेतन संहिता.

## कायद्याच्या नजरेत मुकादम कोण?

आपल्याकडे शेतमजूर आणणारी माणसं अनेक परींची. कापूस वेचायला शेजारच्या दहा बायांना हाक मारून नेणारी बाई. व्यापाऱ्याकडून बागेचा नंबर घेऊन टोळी लावणारे आबा. सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडून माणसं आणणारा. आणि चाळीसगावच्या तांड्यांवरून किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून उसाला कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या नेणारा, उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे वाटणारा खरा पट्टीचा मुकादम.

कायदा या सगळ्यांना एकाच शब्दात पकडतो: कंत्राटदार. दुसऱ्याच्या कामासाठी माणसं पुरवणारा किंवा माणसं लावून ठरलेलं काम उरकून देणारा, तो कंत्राटदार. पोटकंत्राटदारही त्यातच. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला, त्यात तर खातेदार, सरदार, एजंट, "नाव काहीही असो" अशीच भाषा होती. त्यामुळे "मी मुकादम नाही, मी फक्त माणसं सांगतो" ही पळवाट पन्नासेक वर्षांपूर्वीच बुजवलेली आहे.

सालदार यात येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ज्याचं वर्षाचं साल ठरतं तो थेट शेतकऱ्याचा माणूस. मध्ये कोणी नाही, तर कंत्राटदार कुठला? तेच त्या कापूस वेचणाऱ्या बाईचं. ती स्वतः कमरेला ओटी बांधून बाकीच्यांबरोबर वेचत असेल, तिला किलोमागे सगळ्यांइतकेच पैसे मिळत असतील आणि मधलं काही ती कापून घेत नसेल, तर माझ्या मते ती मजुरांची म्होरकी आहे, कंत्राटदार नाही. पण किलोमागे रुपया जरी तिच्याकडे राहू लागला, तरी चित्र बदलतं.

## पन्नासाचा उंबरा

कंत्राटदार ठरला म्हणून लगेच लायसन लागत नाही. कायद्याने एक उंबरा घातलाय. सुरक्षा संहितेतला कंत्राटी कामगारांचा भाग तेव्हाच लागू होतो, जेव्हा आस्थापनेत किंवा त्या कंत्राटदाराकडे मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी ५० किंवा जास्त कंत्राटी माणसं असतात. आस्थापना म्हणजे जिथे धंदा-उद्योग चालतो ती जागा: कारखाना, पॅकहाऊस, जिनिंग, दुकान. १९७० च्या मूळ कायद्यात हा आकडा २० होता. महाराष्ट्राने तो आधीच वाढवून ५० केला होता, त्यामुळे इथे आपल्याला फरक जाणवणार नाही. देशभर आता तोच आकडा.

यात शेतीची गोची कुठे आहे ते पाहा. समजा, बाजारात पन्नास किलोच्या वर माल असेल तरच पावती फाडायची असा नियम आहे, आणि तुमच्याकडे रोज पंधरा किलो माल आहे, तोही रोज वेगळ्या काट्यावर. वर्षाला पाच हजार किलो विकलात तरी पावती एकदाही फाटणार नाही. आबांची टोळी अशीच आहे. आज अडावदला, उद्या धानोऱ्याला, परवा नदीपलीकडे. वर्षभर काम, पण एका जागी आणि एका वेळी माणसं पंधराच.

केळीची बाग ही आस्थापना का, हा प्रश्न वेगळाच. चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा यांच्या पाच हेक्टरांवरच्या मळ्यांना कायद्यात खास जागा आहे. केळीचं नाव त्यात नाही. राज्य सरकारला केंद्राच्या मंजुरीने इतर पिकं त्यात घालता येतात. जळगाव जिल्ह्याइतकी केळी पिकवणाऱ्या मुलखातून ही मागणी कधीच जोरात का झाली नाही, याचं मला नवल वाटतं. मग वाटतं, मागणी करणार कोण? बागवाला करणार नाही, आणि घड वाहणाऱ्याला विचारतो कोण?

## किती दिवसांचं काम?

माणसांचा उंबरा ओलांडला तरी दुसरी चाळणी आहे. अधूनमधून होणाऱ्या, किरकोळ कामाला हा भाग लागू नाही. पण काम मागच्या बारा महिन्यांत १२० दिवसांपेक्षा जास्त चाललं असेल, किंवा हंगामी असून वर्षात ६० दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तर त्याला किरकोळ म्हणता येत नाही.

म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने चार दिवस साठ माणसं लावून कापूस वेचून घेतला, तरी तो सुटतो. हे योग्यच आहे. चार दिवसांसाठी त्याने कामगार कार्यालयाच्या पायऱ्या का झिजवाव्यात? पण साखर कारखान्याला "आमचं काम हंगामी" म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर पेटलेला बॉयलर साठ दिवसांत विझत नाही. बारमाही माल भरणाऱ्या केळी व्यापाऱ्यालाही ही सवलत नाही. त्याच्या चार टोळ्या मिळून पन्नास माणसं होत असतील, तर मोजणी टोळीवार नाही, त्याच्या आस्थापनेत एकत्र होणार. आबांना हे ऐकून जरा बरं वाटलं. म्हणाले, "म्हणजे शेठना नंबर पहिले."

## नवापूरच्या स्टेशनावरचा बाक

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथल्या बाकावर बसून हा पुढचा मुद्दा समजून घ्यायला सोपा.

नंदुरबार जिल्ह्यातून आणि धुळ्याच्या पश्चिम पट्ट्यातून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं सुरत-बारडोली भागात उसाला जातात. ही माणसं राज्याची हद्द ओलांडतात, म्हणून ती "आंतरराज्य स्थलांतरित". चाळीसगावचा कोयता कोल्हापूरला जातो, त्याच्या कितीतरी पट जास्त अंतर कापतो, पण राज्य तेच, म्हणून तो कायद्याच्या भाषेत स्थलांतरित नाही. दोघांची उचल सारखी, पाचटाचं खोपटं सारखं, पोरांची शाळा बुडते तीही सारखीच. संरक्षण मात्र बाकाच्या कोणत्या टोकाला काम आहे त्यावर ठरतं.

या स्थलांतरितांसाठी उंबरा कमी आहे: दहा माणसं. पण १९७९ च्या कायद्यात तो पाचच होता. खरगोनहून आठ माणसं घेऊन रावेरला येणारा मुकादम जुन्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होता. आता तो बाहेर. दुसरीकडे, जुना कायदा फक्त कंत्राटदाराने आणलेल्या मजुराला ओळखायचा. नवा कायदा आपापल्या पायांनी आलेल्यालाही ओळखतो, मजुरी महिना १८,००० रुपयांच्या आत असेल तर. दार रुंद केलं आणि उंबरा उंच केला, असा हा प्रकार.

आत आलेल्याला मिळतं काय? गावी जाण्या-येण्याचं भाडं मालकाने द्यायचं. रेशन गावी घ्यायचं की कामाच्या ठिकाणी, ते मजुराने ठरवायचं. जुन्या कायद्यात याशिवाय विस्थापन भत्ता होता: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, परत न करण्याच्या बोलीवर. नव्या संहितेत तो उरलेला नाही. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो कागदावर होता, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाला तो मिळाल्याचं ऐकलं नाही. तरी कागदावरचं काढून टाकणं मला खटकतं. कागदावर असलेलं मागता तरी येतं.

## "आमचा काय संबंध?" म्हणणारे

उसात पैशाची साखळी लांब असते. कारखाना वाहतूकदाराला उचल देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, हुकूम कारखान्याचा आणि माणसं मुकादमाची. काही अपघात झाला की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो: "मन्हा काय संबंध?"

कायद्याचं उत्तर "मूळ मालक" या शब्दात आहे. ज्याच्या आस्थापनेसाठी कंत्राटदार माणसं लावतो, तो मूळ मालक. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह असल्या सोयी तर नव्या संहितेत थेट मूळ मालकाच्याच गळ्यात आहेत.

कारखाने म्हणतात, हे आमचे मजूर नाहीत. पण कोणत्या फडात कधी कोयता लागायचा हे ठरवतो कारखान्याचा शेती विभाग, आणि चिठ्ठी घेऊन फडात येतो तो चिटबॉय कारखान्याचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुकादमांचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं. त्या वाटाघाटीत मजूर संघटनांसमोर साखर कारखान्यांचा संघच बसला होता. ज्यांच्याशी संबंध नाही त्यांचे दर ठरवायला कोणी पुण्यात बैठका घेतं का?

आता मोजणीतली एक मेख. उसात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस कोयते म्हटलं की वीसच वाटतात, असतात चाळीस. कायदा माणसं मोजतो. आणि वेतन संहितेप्रमाणे मजुरी प्रत्येक कामगाराची वेगळी. बाईने बांधलेल्या मोळ्यांचे पैसे नवऱ्याच्या हिशोबात मुरवणं त्यात बसत नाही.

## लायसन माफ, बाकी काही माफ नाही

आबांना मी सगळ्यात जास्त वेळ इथे थांबवून धरलं. लायसनला उंबरा आहे. पण आणखी तीन गोष्टी अशा आहेत, ज्यांना ना पन्नासाचा उंबरा, ना दहाचा. एक माणूस असला तरी त्या लागू.

पहिली, किमान वेतन. शेतकाम १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासूनच यादीत होतं. वेतन संहितेने आता यादीच काढून सगळ्याच कामांना किमान वेतन लावलंय. किलोवर, टनावर किंवा उक्तं काम दिलं म्हणून ते चुकत नाही. एकाच कामासाठी पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, हेही चालत नाही. मजुरीतून कापायचं झालं, उचलीपोटी का असेना, तर एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. मजुराला तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो, आणि मंजूर झालेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर, मागणाऱ्यावर नाही. हे आबांनी दोनदा विचारून घेतलं.

दुसरी, मुलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. कुटुंबाच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावायची सूट आहे, पण ती स्वतःच्या शेतापुरती. मुकादमाच्या टोळीत आईबरोबर आलेलं पोरगं पोत्यात कापूस भरू लागलं, की "आईला मदत करतंय" हे उत्तर टिकत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात जड: वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली, म्हणून आपल्याला वाटतं ती साखळदंडांची, जुन्या जमान्याची गोष्ट. कायद्यातली व्याख्या मात्र आपल्या ओळखीची आहे. घेतलेल्या पैशांपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, हवं तिथे फिरता येत नसेल, किंवा किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागत असेल, तर ती वेठबिगारी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे. आणि असं ठरलं, तर ते कर्जच रद्द होतं. फेडायचं काही उरत नाही. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर असं म्हटलं, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी, कारण पोटाची भूकही सक्तीच करते.

उचल देणं गुन्हा नाही, हेही तितकंच खरं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लग्न असतं, दवाखाना असतो, आणि बँक पाड्यावर येत नाही; मुकादम येतो. गुन्हा सुरू होतो तो उचल फिटेपर्यंत आधारकार्ड काढून ठेवण्यापासून, बाईमाणसाला ओलीस ठेवल्यासारखं मागे ठेवून नवऱ्याला गावी धाडण्यापासून, हिशोब न दाखवता "अजून फिटलं नाही" म्हणण्यापासून.

## "पण उचल घेऊन पळाले तर?"

हा प्रश्न प्रत्येक मुकादम विचारतो, आणि तो खोटा नाही. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच टोळीत गेलेले लोक असतात. मुकादमाने स्वतः वाहतूकदाराकडून व्याजाने पैसे उचललेले असतात; त्याचीही जमीन गहाण पडते. कायद्यात त्याला रस्ता आहे: पैशांचा दिवाणी दावा, आणि सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता असं दाखवता आलं तर फसवणुकीची तक्रार. जीप घेऊन पाड्यावर जाणं आणि माणूस उचलून आणणं हा रस्ता नाही. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, हे मला मान्य. पण त्याचा उपाय उचल थोडी आणि टप्प्याटप्प्याने देणं हा आहे, माणूस बांधून ठेवणं हा नाही.

"इतके नियम लावले तर आम्ही हार्वेस्टर आणू," असंही ऐकू येतं. उसाचं हार्वेस्टर येतंच आहे, नियम असोत-नसोत. केळीचा घड खांद्यावर तोलून, डाग न पडू देता, गाडीपर्यंत आणणारं यंत्र मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

## दुसरीकडे सूट कशी मोजतात?

तुलनेसाठी अमेरिकेचं पाहू. तिथे याच विषयावर १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. शेतमजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराने नोंदणी करायची, आणि मजुरांना राहायला देणार असेल किंवा गाडीने नेणार असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्यायची. सूट कोणाला? स्वतःच्या किंवा घरच्या शेतासाठी माणसं लावणाऱ्या शेतकऱ्याला. ज्या छोट्या शेतावर आदल्या वर्षातल्या कुठल्याही तिमाहीत ५०० मनुष्यदिवसांहून जास्त मजुरी लागलेली नाही, त्याला. ही सवलत कंत्राटदाराला नाही. आणि घरापासून २५ मैलांच्या आत, त्याच राज्यात, वर्षात १३ आठवड्यांपर्यंतच हे काम करणाऱ्याला.

तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ती शेतीच्या चालीने जाते: किती दिवस, किती लांब, घरचं की धंद्याचं. शेजारच्या गावात हंगामापुरत्या दहा बाया नेणारी सुटते, आणि बारा महिने गाडीत भरून माणसं फिरवणारा अडकतो. आपली मोजणी कारखान्याच्या फाटकावर उभं राहून केलेली आहे. शेताला फाटकच नसतं.

## मग आबांनी काय करायचं?

माणसं पंधराच, पन्नासाच्या आत, म्हणून आबांना लायसन नाही. टोळीत बडवानीकडची दहा माणसं घेतली, तर स्थलांतरितांच्या नियमांचा प्रश्न येईल. व्यापाऱ्याने सगळ्या टोळ्या आपल्याच म्हणून दाखवल्या आणि आकडा पन्नासावर गेला, तर लायसनची गोष्ट निघेल, आणि तेव्हा चौकशी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करायची, व्हॉट्सअॅपवर नाही.

तोवर मी त्यांना फक्त वही ठेवायला सांगितलं. तारीख, बाग कोणाची, माणसं कोण कोण, किती घड, कोणाला किती दिले, उचलीतले किती वळते केले, आणि शेवटी सही किंवा अंगठा. दावा झाला तर दिल्याचं दाखवायची पाळी त्यांच्यावरच येणार आहे, आणि मजुराला हिशोब हवा असेल तर तोही त्याच पानावर आहे.

आबांनी लाल पुठ्ठ्याची वही घेतली. दोन दिवसांनी परत फोन आला. बायांची नावं नवऱ्याच्या नावाखाली लिहिली तर चालतील का, असं विचारत होते. मी म्हटलं, "नाही आबा, प्रत्येकीची ओळ वेगळी." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मंग वही मोठी लागी."